निरोगी माणसाचे तीन प्रश्न

मनोविकार विभागात त्यांना सगळे टक्केवाले म्हणत. ते डॉक्टर नव्हते. मानसशास्त्र शिकलेले, आकडेमोडीत मुरलेले, आणि माणसाची नस बरोबर ओळखणारे. यातलं शेवटचं मत फक्त त्यांचं स्वतःचं होतं, हेही तेच हसत सांगायचे.

विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. छोट्या दवाखान्यांत छातीतली धडधड, पोटातला गोळा, डोकेदुखी घेऊन माणसं येतात. गोळ्या खातात, परत येतात. त्यातल्या कित्येकांच्या दुखण्याचं मूळ चिंतेत असतं, पण ते कुणी विचारत नाही. तर नर्सला झटपट विचारता येतील असे मोजके प्रश्न बनवायचे. उत्तरांच्या गुणांची बेरीज ठरावीक मर्यादेच्या वर गेली, की त्या माणसाला नीट तपासणीसाठी विभागात पाठवायचं.

टक्केवाल्यांनी पहिला मसुदा झोकात लिहिला. ‘आपणांस भविष्याविषयी अनिष्ट कल्पना भेडसावतात काय?’ असा प्रश्न एका आजोबांना विचारला, तर ते म्हणाले, “राशिभविष्य मी वाचतच नाही.” ‘आपले मन रमत नाही काय?’ यावर एक बाई उसळल्या, “रमायला आधी बसावं लागतं. बसू कधी?” टक्केवाल्यांनी कपाळावर हात मारला. आपण प्रश्न विचारतोय की नोटीस बजावतोय, हे त्यांचं त्यांनाच कळेना. मग त्यांनी सगळं पुन्हा साध्या बोलीत लिहून काढलं.

आता प्रश्नावलीची परीक्षा. चिंतेचा विकार आहे असं डॉक्टरीणबाईंनी तपासून ठरवलेली काही माणसं एका बाजूला, चांगली धडधाकट माणसं दुसऱ्या बाजूला. प्रश्नावलीनं दोघांना वेगळं ओळखायला हवं. धडधाकट माणसं कमी पडत होती, म्हणून टक्केवाल्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःच एक कागद भरला. उगाच खोटं कशाला, म्हणून उत्तरंही प्रामाणिक दिली. बेरीज केली आणि घास हातातच राहिला. बेरीज मर्यादेच्या बरीच वर गेली होती.

“प्रश्नावली चुकलीय,” ते डब्याला म्हणाले.

त्यांनी चूक शोधायला घेतली. ‘काही कारण नसताना काहीतरी वाईट घडेल असं वाटतं का?’ वाटतंच की! डोकं असलेल्या कुणालाही वाटेल. प्रश्न रद्द. ‘झोप लागायला वेळ लागतो का?’ हा उशीचा प्रश्न, मनाचा नव्हे. रद्द. ‘एकदा केलेली गोष्ट पुन्हा पुन्हा तपासता का?’ अहो, तपासणं हाच तर आपला धंदा! तोही रद्द. मग नव्यानं बेरीज केली. टक्केवाले ठणठणीत निघाले. त्यांनी समाधानानं डबा संपवला आणि सुधारित प्रश्नावली पुढे पाठवून दिली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी त्यांना खोलीत बोलावलं आणि भरलेले दोन कागद पुढे सरकवले.

“हा माणूस बघा. माझ्यासमोर बसला तेव्हा त्याचे गुडघे हलायचे थांबत नव्हते. तुमच्या कागदावर तो ठणठणीत. ही बाई बघा, हीसुद्धा ठणठणीत. आधीच्या प्रश्नावलीत दोघं बरोबर सापडली असती. ते तीन प्रश्न कुठे गेले?”

“ते... निरोगी माणसांनाही लागू पडत होते.”

“किती निरोगी माणसांना?”

“एकाला.”

“कोण तो?”

“ओळखीतला आहे. फार चांगला माणूस.”

“चांगला असेल हो. निरोगी कशावरून?”

आयुष्यभर लोकांकडे पुरावा मागणाऱ्या माणसापाशी नेमका इथे पुरावा नव्हता.

“त्याला चांगलं ओळखता तुम्ही?” बाईंनी हळूच विचारलं.

“लहानपणापासून,” टक्केवाले म्हणाले, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बाई हसल्या नाहीत. चिठ्ठीवर त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचा पत्ता लिहिला. “मी तपासणं बरं नाही, रोज एकत्र काम करतो आपण. त्या ओळखीच्या माणसाला इथे पाठवा.”

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, अगदी विनोदी करून. तीन प्रश्न कसे उडवले ते हातवारे करून दाखवलं. ती हसली नाही. भाजी निवडता निवडता थांबली.

“तुम्ही झोपायच्या आधी तीन-चारदा गॅसचं बटण बघून येता ना,” ती म्हणाली, “मी बंद केलंय असं सांगितल्यावरसुद्धा. मला इतकी वर्षं वाटायचं, तुमचा माझ्यावर भरवसा नाही.”

“अगं, तुझ्यावर कसला...” ते म्हणू लागले. माणसांची नस ओळखणारा माणूस स्वतःच्याच स्वयंपाकघरात इतका आंधळा निघावा, याचं त्यांना हसू आलं, आणि मग हसू राहिलं नाही.

ती बरोबर आली म्हणून ते त्या डॉक्टरांकडे गेले. बाहेर बसवून तिथल्या मुलीनं भरायला एक कागद दिला. टक्केवाल्यांनी पेन काढलं आणि प्रश्नांची भाषा सुधारायला घेतली.

“काका, उत्तरं लिहायचीत,” मुलगी म्हणाली. “पेपर तपासायचा नाहीये.”

बायकोनं त्यांचा हात धरून पेन पहिल्या ओळीवर ठेवलं.

आत डॉक्टरांनी बराच वेळ विचारपूस केली. चिंतेचा विकारच होता, जुना आणि मुरलेला. गोळ्या सुरू झाल्या, आणि दर आठवड्याला एका समुपदेशिकेशी बोलणं. पहिल्या भेटीत टक्केवाल्यांनी तिला चिंतेवर व्याख्यान दिलं. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि तुम्हाला कशाची भीती वाटते?” व्याख्यान तिथेच आटोपलं.

विभागात त्यांनी ते तीन प्रश्न परत घातले आणि स्वतःचा कागद धडधाकटांच्या गठ्ठ्यातून काढून टाकला. का काढला, हे सगळ्यांसमोर सांगितलं. सांगताना घाम फुटला, पण कुणी हसलं नाही. उलट औषधं वाटणारे गृहस्थ नंतर जिन्यात थांबले आणि खालच्या आवाजात त्या दुसऱ्या डॉक्टरांचा पत्ता मागून घेऊन गेले. प्रश्नावली पुढे छोट्या दवाखान्यांत वापरात आली.

टक्केवाले काही एका झटक्यात बरे झाले नाहीत. फोन वाजला की अजून दचकतात. पण परवा रविवारी दुपारी पेपर वाचता वाचता खुर्चीतच त्यांचा डोळा लागला, तोंड उघडं टाकून अगदी घोरले. बायकोनं चहा ठेवला, पण उठवलं नाही. जाग आली तेव्हा चहा पार गार झालेला.

“उठवायचं नाही का मला?” ते कुरकुरले.

“नाही,” ती म्हणाली, आणि कप उचलून चहा गरम करायला आत गेली.