अंबुजाबाईंच्या चौकातलं पाणी

राघोत्तमराव मद्रासच्या ड्रेनेज खात्यात इन्स्पेक्टर होते. नोकरी कायमची, पण चारचौघांत सांगायची सोय नाही. गटाराचा इन्स्पेक्टर म्हटल्यावर समोरचा आधी दोन पावलं मागं सरे. बायको जाऊन नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तंजावर सुटल्यापासून घरची मराठी बोलायला उभ्या शहरात एकच घर उरलं होतं, मैलापूरच्या अंबुजाबाईंचं. साठी ओलांडलेल्या या विधवाबाई दर शुक्रवारी "येवा, बैसा" म्हणून कॉफी पुढे करत आणि राव तासभर मनसोक्त बोलत. बाकी आठवडा त्यांची मराठी फक्त देवाच्या कानी पडे.

साठ सालच्या कार्तिकात पाऊस सहा दिवस हटला नाही. खालच्या गल्लीत मॅनहोल उसळले आणि मैला लोकांच्या चुलीपर्यंत गेला. साहेब म्हणाले, मैल्याचे नळ लहान पडतात. राव म्हणाले, नळ पुरतात, वरून कुणीतरी त्यात पावसाचं पाणी सोडतंय. ते पाणी रस्त्याकडेच्या गटारात जावं असा नियम. पण घरातला चौक सखल असला की लोक गुपचूप मैल्याच्या नळाला जोडून मोकळे होत. साहेबांचं काय जात होतं! राव छत्री घेऊन निघाले. एकेक झाकण उघडवून आत बघत वरच्या अंगाला सरकत गेले. स्वच्छ पाणी ज्या घराकडून खळाळत येत होतं, तिथं थांबले. घर अंबुजाबाईंचं होतं.

खात्रीसाठी त्यांनी चौकाच्या मोरीत हिरवा रंग ओतला. दोन मिनिटांत तो बाहेर मैल्याच्या नळात उतरला. सहा वर्षं याच चौकाकाठी बसून त्यांनी कॉफी प्यायली होती. भर पावसात चौक कसा कोरडा राहतो याचं कौतुकही केलं होतं. पाणी जातं कुठं, हे मात्र या इन्स्पेक्टरनं कधी विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं त्यांना, दुसरं काय!

"तो कागद फाडून टाका, राव," अंबुजाबाई म्हणाल्या. "तुमी आमचे नव्हे काय? आपल्याच माणसाचे घरास नोटीस?"

"खालचे गल्लींत लेंकरें मैल्यांत उभीं आहेत, अक्का," राव म्हणाले आणि त्यांनी नोटीस दिली.

गवंड्यानं ती जोडणी बुजवली. पुढच्या पावसात खालची गल्ली तुंबली नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही; न आलेल्या पाण्याची दखल कोण घेतो? अंबुजाबाईंच्या चौकात मात्र घोटाभर पाणी साचलं.

त्या शुक्रवारी राव बराच वेळ कोपऱ्यावर घुटमळले, मग गेले. दार अर्धंच उघडलं. बाईंच्या हातात बादली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"बादली द्या, अक्का. मी उपसतों."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे, परक्याला विचारावं तसं, तमिळमध्ये विचारलं, "काय काम आहे, सार?"

"काही नाही," राव म्हणाले. तेही तमिळमध्येच.