न झालेल्या चुकांचा पुरावा

त्या मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, छपाई विभाग होता आणि तिथे छापाबाई होत्या. खरं नाव हजेरीपत्रकावर असेल, पण सव्वीस वर्षांत ते कुणी वापरलं नव्हतं. केसपेपर, नोटिसा, घरी निघालेल्या रुग्णांना द्यायची सूचनापत्रकं, सगळं त्यांच्याच दोन यंत्रांवरून निघे. त्यांना एकच खोड होती. आलेला मजकूर त्या आधी वाचत. छापणाऱ्याला कशाला हव्यात या उठाठेवी? पण बाईंना राहवत नसे. तारखेला वार जुळत नाही, तपासणीची वेळ चुकली आहे, खोलीचा नंबर भलताच पडला आहे, असं काही दिसलं की लाल पेन्सिलीने दुरुस्त करून त्या मोकळ्या. कुणाला सांगणं नाही, विचारणं नाही. सांगायला जावं तर समोरचा साहेब अर्धा तास वाद घालतो, तेवढ्यात पाचशे प्रती निघतात, असं त्यांचं म्हणणं. तिथेच त्यांचं चुकलं.

वरच्या मजल्यावर नवे नियोजन अधिकारी आले आणि त्यांनी सहा पानी फॉर्म काढला. तुमच्या विभागाचा संस्थेला काय उपयोग, ते पुराव्यानिशी सिद्ध करा. नाहीतर महिनाअखेरीस विभाग बंद, काम बाहेरच्या छापखान्याला. आणि कळस म्हणजे तो फॉर्म छापायलाही बाईंकडेच आला. बाईंनी तोही वाचला. सातव्या प्रश्नानंतर एकदम नववा होता. मुकाट्याने आकडे नीट करून त्यांनी छापून दिला.

"सव्वीस वर्षं मी काय माशा मारल्या?" घरी येताच त्यांनी पिशवी आदळली.

नवरा शिंपी. मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "उसवलेलं सगळ्यांना दिसतं. नीट शिवलेल्याकडे कोण बघतंय?"

"तुम्ही आपलं कापड कापा!" बाई कडाडल्या. पण बोलणं खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं.

लाल पेन्सिलीच्या खुणांचे मूळ कागद बाईंनी कपाटात जपून ठेवले होते. त्यातले चाळीस त्यांनी निवडले. मात्र फॉर्मची अट होती की प्रत्येक दाखल्यावर संबंधित विभागप्रमुखाची सही हवी. म्हणजे ज्याने चूक केली, त्यानेच ती कबूल करायची. बाई जिने चढू लागल्या.

औषधभांडाराच्या प्रमुखाने कागद हातात घेतला आणि म्हणाला, "हे अक्षर माझं नाही." खाली त्याचाच शिक्का होता. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "ही चूक कुठे? हा तर कच्चा मसुदा." तो कच्चा मसुदा त्यांनी आठशे प्रतींसाठी पाठवला होता. स्वयंपाकघराचे व्यवस्थापक तेवढे मोकळेपणाने बोलले, "बाई, सही केली तर तुमचा विभाग राहील आणि माझी बढती जाईल." वर प्रत्येक जण आवर्जून सांगे, "तुमच्याशिवाय आमचं पान हलत नाही हो!"

"मग तेवढंच लिहून द्या की."

"आता लिहून कशाला?"

तीन दिवस सगळीकडून वाटाण्याच्या अक्षता. पाय सुजले, डोकं भणभणलं. या लोकांच्या अब्रू आपण इतकी वर्षं कशाला झाकत बसलो, असं बाईंना झालं.

शेवटी त्या बालविभागाच्या मोठ्या सिस्टरकडे गेल्या. कागद तान्ह्या बाळांच्या तापाच्या औषधाचा होता. पाव चमचा द्यायचा, तिथे दोन चमचे लिहिलं होतं. जुनं पत्रक शेजारी ठेवून वाचलं, म्हणून बाईंच्या लक्षात आलं होतं.

सिस्टरने कागद वाचला. मग पुन्हा वाचला आणि स्टूल ओढून त्या बसल्या.

"हे मी लिहिलंय. किती छापायची होती?"

"बाराशे."

"आणि तुम्ही मला सांगितलंसुद्धा नाही?"

सिस्टरने पेन काढलं, 'चूक माझी, दुरुस्ती बाईंची' असं लिहून खाली सही केली. "नोकरीचं एकच वर्ष राहिलंय. काय व्हायचं ते होवो. द्या नेऊन."

बाई कागद घेऊन अधिकाऱ्यांच्या दाराशी पोचल्या आणि तिथेच थबकल्या. चाळिसांत खरं बोलणारी एकच, आणि मान अडकणार तिचीच! संतापाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कागदाची घडी करून त्यांनी ती पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली आणि सह्यांचा रकाना कोरा ठेवून फॉर्म दिला.

"म्हणजे इतक्या वर्षांत तुमच्याकडून एकही चुकीचा कागद बाहेर गेलेला नाही?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग चुका होतच नाहीत की. तपासणाऱ्याची गरज काय?"

बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली आणि त्या जिना उतरल्या.

विभाग बंद झाला. यंत्रं गेली, बाईंना चौकशीच्या खिडकीत बसवलं. आणि आठवड्याभरातच ज्यांनी सही नाकारली, ते एकेक करून खिडकीशी येऊ लागले. "बाहेर पाठवायच्या आधी जरा नजर टाका ना!" बाईंचा जळफळाट होई, पण कागद रुग्णाच्या हाती जायचा, म्हणून त्या वाचत. सिस्टरची पत्रकं तर दोनदा वाचत.

एके दिवशी खुद्द नियोजन अधिकारी आले. हातात त्यांचा स्वतःचा अहवाल होता, छपाई विभाग बंद केल्याने झालेल्या फायद्यांचा. दुसऱ्या दिवशी तो संचालकांपुढे जायचा होता. बाईंनी शांतपणे वाचला. बाहेरचा छापखाना काम चार दिवसांत देतो, असं पहिल्याच पानावर ठळक लिहिलं होतं. मागच्या तक्त्यात चौदा दिवस होते. त्यांचा हात सवयीने पुढे झाला. या कागदाने कुणाचं मूल दगावणार नव्हतं. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"काही चूक नाही ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मला तरी दिसली नाही."

"आभारी आहे, बाई," ते म्हणाले आणि अहवाल घेऊन निघून गेले. सव्वीस वर्षांत बाईंचे आभार कुणी मानले, ते हे पहिल्यांदाच.