काकांचा कंप्यूटर वाचला तेव्हा

काकांच्या बोगादीतल्या घरात कपाट आवरताना आज निळ्या साटीनचं कव्हर हाती लागलं. काकांनी ब्लाउजच्या उरलेल्या कापडातून ते कंप्यूटरसाठी शिवलं होतं. त्याला अजून शिलाई मशीनच्या तेलाचा वास येतो.

कंप्यूटर त्यांनी घेतला तो दुबईला गेलेल्या श्रीधरचे, त्यांच्या एकुलत्या मुलाचे, मेल वाचायला. मी कॉलेजात कंप्यूटर शिकवते, म्हणून घरात त्या बाबतीत माझा शब्द शेवटचा. एकदा मला इशारा आला: 'फोटो' असं लिहिलेला मेल उघडू नका, उघडलात तर सगळा कंप्यूटर जाईल, ओळखीच्या सर्वांना कळवा. कुणी लिहिलं, कधी लिहिलं, काही नव्हतं. मी तो तसाच सर्वांना पाठवला. काकांना तर फोनही केला.

चार दिवसांनी त्यांच्या शिवणाच्या दुकानात गेले, तर काजं करता करता काका हसले. "अय्यो, आला होता की तो व्हायरस! आपल्या श्रीधरचं नाव लावून आला होता चोर. सुम्मने, न उघडताच डिलीट केलो."

"बरं केलंत," मी म्हणाले.

त्याच आठवड्यात श्रीधर तिकडे अपघातात गेला. असा कुठला व्हायरसच नव्हता, हे मला महिन्याभरानं कळलं. आता वर्गात पहिल्याच तासाला सांगते, 'सर्वांना कळवा' दिसलं की आधी संशय घ्या.

काकांना मात्र कधी सांगितलं नाही. घरी येईल त्याला ते शेवटपर्यंत हे कव्हर उचलून दाखवायचे आणि माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "हिच्यामुळे वाचला बघा."