तेरावं नाव

आगाशे कधी बसत नसत. रेगेन्सबर्गहून ट्रेन सुटली की रिकाम्या सीट सोडून ते दाराशी उभे राहत आणि दर स्टेशनला आमचे खेळाडू मोजत. "अहो, बसा की," म्हटलं तर म्हणत, "बसलं की आकडा विसरतो."

मोटारींच्या कारखान्यात ते माझे सहकारी. तरुणपणी पुण्यात रग्बी खेळलेले. इथे जर्मनीतल्या दुसऱ्या श्रेणीच्या रग्बी लीगमधला आमचा छोटा क्लब तेच चालवत. संघ तेरा जणांचा. मला खेळातलं फारसं कळत नसे, पण माझी नोंद चुकत नाही म्हणून नावांची यादी माझ्याकडे होती.

त्या मोसमात माणसं कमी पडून एक सामना आम्ही सोडला होता. दुसरा सोडला की क्लब लीगमधून बाद, आणि मैदानात तेरा उतरले नाहीत तर सामना सोडल्यात जमा. पुढचा सामना ड्रेस्डेनला होता. आम्ही बारा जण घेऊन निघालो. तेरावा, लुकास, परस्पर येणार होता. मैदानावर पोहोचलो आणि त्याचा फोन आला. ताप.

"आल्झो, असं करू, लुकासचं नाव राहू द्या," कर्णधार टोबियास म्हणाला. "बारा जण खेळू. कोण मोजतंय?"

"मी मोजतोय ना!" आगाशे कडाडले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तेराव्या ओळीत माझं लिहा. वय खरं लिहा. चोपन्न."

वर्षापूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. पळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं मला माहीत होतं.

"वहिनींना काय सांगू?"

"हरलो म्हणून सांगा. तिला सवय आहे."

मी लिहिलं.

ऐंशी मिनिटं ते कडेला धावले कमी, ओरडले जास्त. चेंडू दोनदा हाती आला, दोन्ही वेळा सुटला. आम्ही दहा-शेहेचाळीस हरलो. शिट्टी झाली तसे ते ओल्या गवतावर चक्क बसले. "तेरा भरले," म्हणाले. क्लब लीगमध्ये राहिला.

तीन महिन्यांनी ते झोपेतच गेले. त्या सामन्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते तीन महिने मी आठवड्यांत मोजले, दिवसांत मोजले. गणित सुटत नाही.

भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "यादीत त्यांचं नाव कुणी लिहिलं?"

"मी."

"वय?"

"खरं. चोपन्न."

त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाल्या, "बसा ना."

"हो," म्हणालो, आणि दाराशीच उभा राहिलो.