दामूदादाची होडी आणि माझं रडार

डहाणू स्टेशनात माझी पत्र्याची ट्रंक दामूदादानेच डब्यात चढवली. मी हवाई दलात रडार ऑपरेटर म्हणून निघालो होतो. आईने सुक्या बोंबलांचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं. दादा खिडकीशी हसत म्हणाला, "आकाशात बघायचा पगार देते सरकार? आमी तर फुकट बघतो रं!" गाडी हलायच्या आतच तो वळला, त्याला भरतीची वेळ गाठायची होती.

पंजाबात अंधाऱ्या खोलीत, कानाला हेडफोन लावून रडारच्या हिरव्या पडद्यासमोर, स्कोपसमोर, बसायचो. ठिपका उमटला की विमान आपलं की परकं हे कळेपर्यंत नजर हटवायची नाही. तिकडे दादा बंदरावर सगळ्यांना ऐकवायचा, माझ्या भावाला शेकडो मैलांवरचं दिसतं!

मग वादळात दादाची होडी उलटली. बरोबरचे दोघे किनाऱ्याला लागले, तो नाही. मी रजेवर आलो तेव्हा आईने रडायच्या आधी माझा हात धरला. "तुज्या यंत्रात बघ ना रं, कुठं हाय तो." आमचं रडार विमानं बघतं, समुद्रातली लाकडी होडी नाही, हे मी परोपरीने समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण बघशील ना?"

पुढे आई गेली. निवृत्त होऊन मी अंबाल्यात घर बांधलं. नातवंडं माझ्याशी हिंदीत बोलतात. इथे समुद्र नाही याचं मला बरं वाटतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटते. गावी राहिलेल्यांना हे कसं सांगू?

दादाच्या बायकोने, शारदावहिनीने, कुंकू कधी पुसलं नाही. भावकीने दादाचे दिवस घालायचा विषय काढला की म्हणायची, "माजा दीर बघतोय. तो 'नाय सापडत' म्हणंल तवाच."

परवा हायवेवर चारोटीला बसमधून उतरून रिक्षाने गावच्या घरी गेलो. वहिनी खाटेवर होती, डॉक्टरांनी हात टेकलेत. तिने मला जवळ बसवलं. "भावजी, आता तरी सांगा. मला नेताना हिरवी साडी नेसवायची, का पांढरी?"

"हिरवी," मी म्हणालो.

ती इतकी हसली की मला तिथे बसवेना. ती आहे तोवर गावी माझं घर आहे. ती गेली की दादाबद्दल मला विचारणारं कुणी उरणार नाही, आणि तो बुडाला हे मला एकट्यालाच मान्य करावं लागेल.