‘तुमच्यात कसं करतात, अक्का?’

आदरणीय शहनाजमॅडम यंदा साठ वर्षांच्या झाल्या. या गौरवग्रंथात शिकलेली मंडळी त्यांच्या समुपदेशनाच्या कामाविषयी लिहितीलच. मी मॅट्रिक झालेली, घर सांभाळणारी बाई. मॅडमची आणि माझी ओळख झाली ती दुःखाच्या वाटेनं.

माझी लेक महादेवी एकोणिसाव्या वर्षी तापानं गेली. मी भरल्या ताटावरून उठू लागले, बोलणं सोडलं. आमच्या यजमानांनी सात रस्त्याजवळच्या केंद्रात मॅडमकडे माझं नाव घातलं. जाऊबाई म्हणाल्या, “आपली माणसं संपली का सोलापुरातली?” हे म्हणाले, “आपल्या माणसाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मठात पोचतंय.”

पहिल्याच भेटीत मॅडम म्हणाल्या, “अक्का, मी मुसलमान, तुम्ही लिंगायत. दोघींनाही दिसतंय, तर आधी तेच बोलू. अवघड वाटत असेल तर दुसऱ्या बाईंकडे पाठवते. मला राग नाही.”

“छे, तसलं काही नाही,” मी म्हणाले आणि समोरच्या पाण्याला हात लावला नाही. त्यांनी ते पाहिलं.

तिसऱ्या भेटीत मॅडम चुकल्या. गौरवाच्या लेखात चूक लिहू नये म्हणतात, पण माझं बरं होणं तिथूनच सुरू झालं. त्यांनी हळूच विचारलं, “लेकीला अग्नी दिला तेव्हा तुम्ही जवळ होता?”

माझं डोकंच फिरलं. “आमच्यात जाळत नाहीत! बसवून पुरतात. एवढं ठाऊक नाही आणि माझं दुःख कसलं ऐकता?”

“चुकलं माझं, अक्का. हिंदू म्हणजे अग्नी, असं मी न विचारताच धरलं.” मग म्हणाल्या, “माती आमच्यातही देतात. पण बसवून कसं, ते मला ठाऊक नाही. तुमच्यात कसं करतात?”

आणि मी सांगू लागले. आपल्या माणसांना हे कोण सांगतं? त्यांना सगळं ठाऊकच असतं. म्हणून सहा महिने ते माझ्या तोंडून निघालंच नव्हतं. विभूती, बेल, डाव्या तळहातावर इष्टलिंग... सांगता सांगता माझा हात गळ्यातल्या, माझ्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीकडे गेला. लेक गेल्यापासून देवावर रुसून मी ती उघडली नव्हती.

मॅडमनी विचारलं, “मी बघू, की तोंड फिरवू?”

“बघा,” म्हणाले, डबी उघडली आणि हुंदकाच फुटला. “तिच्या कपाळाला विभूती लावू दिली नाही हो मला. बायकांनी धरून ठेवलं होतं.”

रडून झाल्यावर त्यांच्याच पेल्यातलं पाणी मागून प्याले.

“आता लावली तर चालेल का तुमच्यात?” त्यांनी विचारलं. मला काय ठाऊक! मठातल्या स्वामींना विचारलं. ते म्हणाले, “आई हाय की तू. कोण अडवतंय?” मी महादेवीच्या समाधीला माझ्या हातानं विभूती लावली. त्या रात्री जेवले.

पुढं मी केंद्रात मदतीला जाऊ लागले. नव्या मुलींना शिकवताना मॅडम आपली ती चूक स्वतःहून सांगतात. विणकर घरातल्या तेलुगू आजी असोत, की मेंढरं राखणारे बापू, आधी विचारतात, मग ऐकतात. आपल्याला कळलंय असं कधी धरून चालू नये, हीच त्यांची विद्या.

परवा मी भीत भीत म्हणाले, “साठीनिमित्त तुमच्या नावानं बेल वाहू का? चालेल ना तुमच्यात?”

मॅडम हसल्या. “देव तुमचा, बेल तुमचा, अक्का. वाहा की. मी तुमच्यासाठी दुआ करते, ती चालेल?”

चालेल म्हणाले. बेल वाहिला आहे. महादेवानं मॅडमना शंभरी द्यावी, गुडघे धड ठेवावेत, आणि समोरच्याला विचारण्यापुरता त्यांचा तो हळू आवाज शेवटपर्यंत राखावा.