पुतणीचा साखरपुडा आणि थंडीत थरथरणारा ट्रक

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही मुलीकडची माणसं तोंडं काळी करून पोचलो, आणि ते माझ्यामुळे झालं.

माझा मोठा भाऊ, दादा, कल्याणला लग्नाच्या हॉलमध्ये फुलांची सजावट करतो. त्याच्याकडे एक छोटा, जुना डिझेल ट्रक आहे. मुग्धाचा, म्हणजे त्याच्या मुलीचा, साखरपुडा मुरबाड रोडवरच्या एका हॉलवर होता आणि सजावट अर्थातच घरची. मी कोपरहून पहाटेच निघून कल्याणला पोचलो (मदतीला). दादा ट्रक लावतो त्या खाडीकाठच्या मैदानात धुकं इतकं दाट होतं, की ट्रक आधी ऐकू आला आणि मग दिसला. थडथड, थड, आता बंद पडणार असं वाटायचं, की पुन्हा थडथड. थंडीत उघड्यावर उभ्या केलेल्या माणसासारखा तो आख्खा थरथरत होता.

"गाडी मिसिंग मारतेय," दादा म्हणाला. "फिल्टरमधलं पाणी काढलं, तरी तेच. थोडी गरम झाली की सुधारेल."

"मग बंद करून परत चालू कर ना."

"बॅटरी उतरलीये रे. बंद पडली तर सेल्फ घेणार नाही. तू आत बस आणि रेसवर पाय ठेव. मी मार्केटातून फुलं घेऊन येतो. काही झालं तरी पाय काढायचा नाही."

"पण सुधारली हे मला कळणार कसं?"

"आवाज एकसारखा होईल. कान आहेत ना?"

हे त्याने विचारायला नको होतं. गाण्याच्या मैफलीत मी डोळे मिटून मान डोलावणाऱ्यांपैकी आहे. (मी तिथे झोपतो, असं बायको म्हणते.) मी केबिनमध्ये चढलो, रेसवर पाय ठेवला आणि आवाज नीट ऐकू यावा म्हणून डोळे मिटले.

सीट हलत होती. पायाखालून ऊब येत होती. डिझेलचा वास, ओल्या गवताचा वास, आणि सगळं मैदान पाळण्यात घातल्यासारखं मागे-पुढे. मग हळूहळू थडथड विरळ झाली. ट्रक अलगद सरकून खाडीत उतरला आणि पाण्यावरून चालू लागला. मागे झेंडूचा डोंगर होता, त्यावर मुग्धा बसली होती. काठावरचे लोक कौतुकाने हात हलवत होते. इंजिनाचा आवाज असा काही जुळला होता की तो ऐकूच येत नव्हता. इतकं सुरेल इंजिन मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं.

काचेवर टकटक झाली. दादा उभा होता. त्याच्यामागे झेंडूची हातगाडी, आणि तिच्यामागे हॉलवर जायला नटून दोन गाड्यांतून आलेलं आमचं सगळं घर.

"कधी बंद पडली?" दादाने विचारलं.

"बंद कुठे? सुधारली. ऐक ना."

दादाने बॉनेटला कान लावला. "मला काहीच ऐकू येत नाहीये."

"तेच तर म्हणतोय मी."

मग मी खाली पाहिलं. माझे दोन्ही पाय सीटवर होते, छान पोटाशी घेतलेले.

दादाने चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. या वेळी टक्सुद्धा नाही. मुहूर्त जवळ येत होता. फुलं ट्रकमध्ये भरली आणि दादा स्टिअरिंगवर बसला. बाकी सगळे मागे गेले: पैठणीतल्या वहिनी, फेटा बांधलेले मामा आणि चपला हातात घेतलेली नवरी मुलगी.

"भावजी, तुम्ही मधोमध उभे राहा," वहिनी मला म्हणाल्या. त्या आवाजात 'भावजी' हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता.

धुक्यात रेशमी साड्या ट्रक लोटत होत्या आणि वरून झेंडू आमच्या डोक्यांवर पडत होते. मला क्षणभर वाटलं, स्वप्न अजून चालूच आहे. तेवढ्यात इंजिनाने झटका खाल्ला, आणि आत साठलेला सगळा धूर त्याने आमच्या तोंडावर सोडला. दादाने वळूनही पाहिलं नाही. "हॉलवर या," एवढंच धुक्यातून ऐकू आलं.

आम्ही त्या दोन गाड्यांमध्ये दाटीवाटीने बसून, एकमेकांची तोंडं एकाच रुमालाने पुसत पोचलो. मुलाच्या आईने मुग्धाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "डोळ्यांत काजळ जरा जास्त झालंय का?"

"डिझेल आहे ते," मुग्धा म्हणाली. मुलगा हसला. तिथे आमचं निभावलं.

ट्रक मात्र हॉलबाहेर थडथडत उभा होता. तिथे उतार नव्हता, आणि पुन्हा लोटायला कोणी तयार नव्हतं. म्हणजे विधी होईपर्यंत कोणीतरी रेसवर पाय ठेवून बसायला हवं होतं. दादा तर मुलीचा बाप.

"मी बसतो," मी म्हणालो.

कोणी ऐकलंच नाही. शेवटी वहिनींच्या वयस्कर आई काठी टेकत पुढे आल्या.

"मी बसते," त्या म्हणाल्या. "मला सकाळची उठल्यावर परत झोप लागत नाही."

त्यांना दोघांनी धरून केबिनमध्ये चढवलं. मला त्यांची काठी सांभाळायला दिली. मी खाली उभ्याने सांभाळावी, असं ठरलं.